खोक्यावरचं विमान टेबलावर आणताना

सुटे तुकडे जोडून बनवायच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या धंद्यात खरी जाहिरात असायची ती खोक्याच्या झाकणावर. मासिकांत आणि कॉमिकांत पानभर जाहिराती येत, दरवर्षी रंगीत कॅटलॉग निघत; पण गिऱ्हाईक गळाला लागायचं ते दुकानातल्या फळीसमोर, पेटलेलं बॉम्बर आणि त्याच्या शेपटावर बसलेलं स्पिटफायर लढाऊ विमान पाहून. आत निघायचे एकरंगी प्लॅस्टिकचे तीस-चाळीस तुकडे, एक घडीचा कागद आणि पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या चिन्हांची चिठ्ठी. चित्र आणि तुकडे यांच्यातलं अंतर आधी ओळखलं तर जुनं किट आजही झकास बनतं. नाही ओळखलं तर पहिल्याच रविवारी खोकं माळ्यावर जातं. पुढची सगळी माहिती मराठवाड्यातलं ऊन, बोअरचं पाणी आणि फुफाटा धरून दिली आहे. विलायती पुस्तकांतल्या वाळण्याच्या वेळा आणि थिनरची प्रमाणं इथे जशीच्या तशी चालत नाहीत.

झाकण वाचायचं कसं

इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवलं, तेव्हा खोकं नव्हतंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत तुकडे आणि पिशवीच्या तोंडावर घडी घालून टाचलेला कागद. बाहेरून चित्र, आतून जोडणीची कृती. पुढे त्यांचं स्पिटफायर आलं. किंमत पोराच्या खाऊच्या पैशात बसणारी. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी ज्यांना आठवतात, त्यांना या विक्रीची नस लगेच कळेल: मालाकडे ओढायचं ते पोराला, घरचे मागोमाग येतात.

१९६४ पासून दहा वर्षं एअरफिक्सची झाकणं रॉय क्रॉस या चित्रकाराने रंगवली. तो आधी विमानविषयक नियतकालिकांसाठी तांत्रिक चित्रं काढत असे. त्यामुळे त्याच्या चित्रातलं विमान आकाराला आणि चिन्हांना बहुतेक बरोबर असतं. भरवशाची नसते ती मागची आग आणि धूर. पुढच्या आवृत्त्यांत त्यातल्या काही चित्रांमधले स्फोट आणि पडणारी विमानं रंगवून झाकली गेली. तेच साचे, तेच तुकडे, खोकं मात्र शांत. दोन खोक्यांच्या किमतीत मोठा फरक सांगितला जात असेल, तर तो फरक बऱ्याचदा पुठ्ठ्याचा असतो, प्लॅस्टिकचा नसतो. बांधायचं असेल तर शांत खोकं घ्या आणि उरलेले पैसे रंगांना ठेवा.

अमेरिकेत रेव्हेल कंपनीसाठी जॅक लिनवुडने असाच नाट्यमय हात चालवला, ऑरोरा कंपनीच्या राक्षसांच्या मॉडेलांची झाकणं जेम्स बामाने रंगवली. जपानच्या तामियाने १९६१ मध्ये मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, त्याचं चित्र शिगेरू कोमात्सुझाकीचं. त्या रणगाड्याचं माप आत बॅटऱ्या बसाव्यात या हिशेबाने ठरलं आणि ते १/३५ निघालं. आज जगभर रणगाडे त्याच मापात बनतात ते त्यामुळे. तामियाने पुढे पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटं वाहन दाखवायची पद्धत रुळवली. आमच्या मते जाहिरात म्हणून सगळ्यांत सरळ झाकण तेच. जे आत आहे तेवढंच वर.

चित्र पाहून झालं की खोक्याची बाजू वाचा. पहिलं माप. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ६ फूट मॉडेलवर १ इंच. स्पिटफायर मार्क १ च्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, म्हणजे मॉडेल साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास, तळहातापेक्षा थोडं मोठं. बी-१७ बॉम्बर त्याच मापात ४४ सेंटिमीटर होतं आणि त्याला शोकेसचा आख्खा खण लागतो. खोक्याच्या आकारावर जाऊ नका; मोठ्या खोक्यात अर्धी हवा असणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे.

दुसरं, ‘हलणारे भाग’. फिरणारे बुरूज, मिटणारी चाकं, उघडणारे दरवाजे हे जाहिरातीचं कलम होतं. प्रत्यक्षात जिथे भाग हलतो तिथे फट राहते, आणि ती फट या मापात बोटभर दिसते. लहान मुलाला खेळायला द्यायचं नसेल तर नाकावरचा पंखा (प्रोपेलर) सोडून सगळं चिकटवून टाका.

कोणतं किट घ्यावं

पहिल्यांदा करणाऱ्याने एका इंजिनाचं, १/७२ मापाचं, ४० ते ६० तुकड्यांचं विमान घ्यावं. रणगाड्याची चाकं एकसारखी पुन्हापुन्हा घासून कंटाळा येतो आणि शिडाच्या जहाजाच्या दोऱ्या नवख्याच्या हाताबाहेरच्या असतात. गेल्या दीड दशकातल्या एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं दिसतं. जुन्या चित्राची हौस आणि नवा साचा दोन्ही हवं असेल तर ही नवी किटं सोयीची.

भारतीय विमान करायचं असेल तर झाकणावरचं नाव पुरेसं नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत गाजलेलं आपलं नॅट एका माणसाचं लढाऊ विमान होतं. एअरफिक्सचं नॅट हे दोन जणांचं शिकाऊ विमान आहे. लाल रंगाचं झाकण पाहून ते घेतलं की भारतीय नॅट त्यातून होत नाही.

आपल्या भागाशी जोडलेलं काही करायचं तर हॉकर टेम्पेस्ट घ्या. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद कारवाईत, ज्यात नळदुर्गला पहिली चकमक झाली, भारतीय वायुदलाची टेम्पेस्ट वापरली गेली. ती मार्क २ जातीची, म्हणजे गोल नाकाची, सेंटॉरस इंजिनाची. बाजारात सहज मिळणारं टेम्पेस्ट मार्क ५ असतं. त्याच्या नाकाखाली रेडिएटरची मोठी हनुवटी असते. एकातून दुसरं बनवणं म्हणजे आख्खं नाक नव्याने घडवणं. मॅचबॉक्सच्या जुन्या दोनरंगी प्लॅस्टिकच्या किटमध्ये मार्क २ मिळतं. चिन्हं लावताना एक ध्यानात ठेवा: केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ १९५० पासूनचं; १९४८ च्या विमानांवर निळं चक्र होतं.

जुनं खोकं हातात आल्यावर

मे महिन्यात पार्सल येणार असेल तर ते गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडखाली पडू देऊ नका. किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, शंभर अंशांच्या जरा खाली मऊ पडतं हे खरं, पण बंद गाडीत लांब पातळ भाग त्याच्या बऱ्याच आधी वाकतात.

खोकं उघडल्यावर आधी टायर बघा. जुन्या किटांतले मऊ विनाइलचे टायर प्लॅस्टिकला टेकून राहिले की त्यांतलं मऊ करणारं रसायन हळूहळू पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं आणि जिथे टेकले तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. टायर लगेच काढून कागदी पुडीत वेगळे ठेवा. याच कारणाने तयार मॉडेल रेक्झिनवर किंवा मऊ प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर कधी ठेवू नका. महिन्याभरात चाकं चिकटतात.

मग पारदर्शक काच. तडा गेला असेल तर तो जात नाही; ओरखडे मात्र २००० नंबरच्या वॉटर पेपरने आणि टूथपेस्टने निघतात. वाकलेल्या भागासाठी एक वाटी उकळतं पाणी आणि एक वाटी साधं पाणी मिसळा, साधारण ६५ अंश होतं. त्यात भाग अर्धा मिनिट धरा, सपाट काचेवर दाबून सरळ करा आणि तसाच माठातल्या पाण्यात बुडवा. नाही वळला तर दोन वाट्या उकळतं, एक वाटी साधं. थेट उकळत्या पाण्यात टाकलेला पंख पापडासारखा वेडावाकडा होतो आणि मग काही इलाज नाही.

अगदी जुन्या मालाची गोष्ट वेगळी. १९३६ मध्ये इंग्लंडच्या फ्रॉगने ‘पेंग्विन’ नावाने काढलेली किटं सेल्युलोज अॅसिटेटची होती. ते प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आपोआप आक्रसतं आणि मुरडतं. असं काही हाती लागलं तर बांधू नका, तसंच ठेवा.

सामान: काय, कुठे

वाळूज किंवा चिकलठाण्याला मोल्डिंगवर काम केलेल्या कुणालाही किटचे तुकडे उलगडून सांगायला नकोत. ज्याला तुकडे चिकटलेले असतात तो रनर, जिथून तोडायचं तो गेट, कडेला पातळ पापुद्रा येतो ती फ्लॅश, मागच्या बाजूला गोल खुणा त्या इजेक्टर पिनच्या. जुन्या साच्याचा माल म्हणजे जास्त फ्लॅश, कारण साच्याच्या दोन पाटांची कड झिजलेली असते. जुन्या विमानांवर पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा उठावदार असतात, तेही साच्यामुळेच. पोलादात रेघ कोरणं सोपं, मग ती प्लॅस्टिकवर उठून येते. खोल रेघ हवी तर पोलादात केसाएवढा बांध उभा ठेवावा लागतो.

हत्यारं थोडी लागतात. सर्जिकलच्या दुकानातून ३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची ब्लेडं घ्या. हौशी दुकानातल्या चाकूपेक्षा स्वस्त आणि जास्त धारदार. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं छोटं निप्पर. हार्डवेअरमधून वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे, प्रत्येकी एक ताव. ऑटो पेंटच्या दुकानातून मास्किंग टेप, राखाडी प्रायमरचा स्प्रे आणि बारीक खड्डे भरायच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीची लहान डबी. एम-सीलचं एक पाकीट. मिनरल टर्पेंटाइन अर्धा लिटर. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली. ती कशाला ते पुढे येईल.

गोंद मात्र मागवावाच लागतो. प्लॅस्टिक मॉडेलचा पातळ सिमेंट हा चिकटवत नाही, तो दोन्ही बाजू विरघळवून एक करतो. फेविक्विकने काम होतं, पण सांधा ठिसूळ राहतो, आणि त्याच्या वाफेने पारदर्शक काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो. फेव्हिबाँडसारखा रबरी गोंद तारा सोडतो, तो नकोच. काच बसवायला साधा पांढरा फेविकॉल सगळ्यांत चांगला. वाळल्यावर दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या कापडाने निघतो.

हंगाम आणि वेळ

दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा मॉडेलचा हंगाम. हवा कोरडी, ऊन सोसवेल असं. एप्रिल-मेमध्ये काम बंद ठेवायची गरज नाही, वेळ बदला. सकाळी सहा ते आठ चिकटवणं आणि रंग, दुपारी घासणं, तासणं. बेचाळीस अंशांत पातळ सिमेंट सांध्यात शिरायच्या आधीच उडून जातो आणि जोड वरवरचा राहतो.

डेझर्ट कूलरसमोर रंगकाम करू नका. कूलर दमट हवा फेकतो, तिच्यात बारीक थेंब आणि गवताच्या जाळीचे कण असतात. ते ओल्या रंगावर बसतात. पंखाही बंद. जुन्या माळवदाच्या घरात वरून माती झडते, तिथे मॉडेलवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालून ठेवायची सवय लावा. पावसाळ्यात स्प्रेचा लॅकर पांढुरका पडतो. द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. झड लागली असेल तर स्प्रे तीन दिवस पुढे ढकला, ब्रशने बारीकसारीक भाग रंगवत बसा.

जोडणी

सगळे रनर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. चाळणीत वाळवा, नाहीतर सुटलेला चिमुकला भाग मोरीतून गेलाच म्हणून समजा.

तुकडा तोडताना गेटपासून दोन मिलिमीटर लांब पहिला काप, मग उरलेला खुंट ब्लेडने भागाच्या कडेला सपाट. एकाच कापात तोडलं की प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा भागातूनच टवका निघतो. चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडा बसवून पाहा. जुन्या किटांत पंखाच्या आतली खुंटी आणि भोक जुळत नाहीत हे इतकं नेहमीचं आहे की खुंट्या सरळ कापून टाकणं बरं.

धडाचे दोन अर्धे मिटवायच्या आधी आत काय राहिलं ते बघा. खुर्ची, वैमानिक, पंख्याची दांडी. आणि नाकाखाली चाक असलेलं विमान असेल तर नाकातलं वजन. नॅट, हंटर, मिग ही सगळी त्याच जातीची. वजन विसरलं तर तयार विमान शेपटावर बसतं आणि तेव्हा ते उघडता येत नाही. मासेमारीची शिशाची गोळी किंवा सायकलचे छर्रे एम-सीलच्या गोळ्यात दाबून नाकात बसवा. किती, ते असं ठरवा: धड टेपने तात्पुरतं मिटवून पंख लावा, मागच्या चाकांच्या जागेखाली पेन्सिल आडवी धरा. नाक खाली झुकेपर्यंत वजन वाढवा, वर आणखी एक छर्रा टाका, कारण रंग आणि शेपटीचे भाग अजून लागायचे आहेत.

आता सांधा. दोन्ही अर्धे बोटांनी मिटवून धरा, सिमेंटचा ब्रश सांध्यावर नुसता टेकवा. द्रव रेघेतून आपोआप पळतो. वीस-तीस सेकंदांनी हलकेच दाबा, म्हणजे विरघळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी रेघभर वर येईल. तो पुसू नका. तोच तुमचा भराव. रबरबँड लावून चोवीस तास सोडा, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. घाई केली की घासलेला सांधा आज गुळगुळीत दिसतो आणि रंग दिल्यावर आठवड्याने तिथे खोल रेघ उमटते. मऊ प्लॅस्टिक नंतर आक्रसतं म्हणून. सांधा कडक झाल्यावर ब्लेडच्या पाठीने खरवडा, मग वॉटर पेपर ४००, ६००, १०००, पाणी लावूनच. कोरडं घासलं तर भुगा नाकात जातो आणि घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक चिकट होतं. घासताना शेजारच्या उठावदार रेघा जातात, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून मधली तेवढीच पट्टी घासा.

पंखाच्या मुळाशी फट राहते ती जुन्या किटांची ओळखच. मिलिमीटरभर फटीला एम-सील: दोन्ही भाग सारखे घ्या, रंग एकजीव होईपर्यंत मळा, फटीत भरा, ओल्या बोटाने सपाट करा, रात्रभर सोडा. केसाएवढ्या फटीला एनसी पुट्टी, तीही पातळ थरांत. जाड थर दिला तर तिच्यातलं थिनर खालचं प्लॅस्टिक खातं. तिसरा उपाय फुकटातला: रनरचे बारीक तुकडे पातळ सिमेंटमध्ये बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतके टाका, दिवसभरात घट्ट लापशी होते. ही प्लॅस्टिकच्याच रंगाची आणि तितकीच घासता येणारी. मात्र तीन दिवस वाळू द्या.

अँटेनाची तार रनरपासूनच काढतात. रनरचा बोटभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून दोन सेंटिमीटर वर फिरवा, मधोमध चमक येऊन लवला की ज्योतीतून बाजूला घ्या, दोन सेकंद थांबा आणि सावकाश ओढा. पटकन ओढलं तर केसासारखी तार, हळू ओढलं तर जाड. सिमेंटची बाटली त्या वेळी दुसऱ्या खोलीत हवी.

रंग

झाकणावरचा रंग पाहून रंग मिसळू नका. चित्रकाराने संध्याकाळचा उजेड धरलेला असतो आणि छपाईची शाई उन्हात उडते. लाल-पिवळी आधी जाते, निळी-काळी राहते. दुकानाच्या काचेत वर्षभर उभं राहिलेलं खोकं म्हणून निळसर दिसतं. रंगांसाठी कृतीच्या कागदावरचे नंबर धरा. मॉडेलसाठीच्या हम्ब्रोल एनॅमल रंगांच्या १४ मिलिलिटरच्या डब्यांत २९ म्हणजे मातकट, ३० म्हणजे गडद हिरवा, ९० म्हणजे पोटाचा फिकट हिरवट, ज्याला ‘स्काय’ म्हणतात. १९४० च्या स्पिटफायरला एवढे तीन पुरतात. ३३ काळा आणि ११ चंदेरी सोबत घेतले की झालं. डब्या ज्वलनशील असल्याने विमानाने येत नाहीत, पार्सलला वेळ धरून मागवा. शाळेचे अॅक्रिलिक रंग उघड्या प्लॅस्टिकवर टिकत नाहीत, नखाने सोलून निघतात. प्रायमरवर मात्र निभावतात.

प्रायमर आधी रनरवर मारून बघा. गाड्यांच्या काही प्रायमरचं थिनर इतकं तिखट असतं की प्लॅस्टिकवर बारीक जाळी पडते. पहिला हात नुसता भुरका, दहा मिनिटांनी दुसरा. डब्यावर वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर लिहिलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात पंधरा ठेवा आणि हात जलद फिरवा. लांबून मारलं तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो.

ब्रशने एनॅमल द्यायचं तर डबी हलवण्याऐवजी आइस्क्रीमच्या काडीने तळापासून पाच मिनिटं ढवळा. पालथ्या झाकणात रंगाचे दहा थेंब, टर्पेंटाइनचे तीन. थंडीत तीन, मे महिन्यात पाच. फिकट रंग आधी, गडद नंतर. चपट्या ब्रशने एकाच दिशेने, ओल्या जागी पुन्हा ब्रश नेऊ नका. इथल्या उन्हात तासाभरात रंग हाताला लागत नाही, पण तो वरून वाळलेला आणि आतून ओला असतो. दुसरा हात चोवीस तासांनीच. एनॅमलवर एनसी थिनर चुकूनही नको, खालचा थर सुरकुतून वर येतो.

रंगांची हद्द आखायला टेप आधी काचेवर चिकटवून काढा म्हणजे त्याची पकड कमी होते, आणि कारखान्याची कड कापून नवी कड वापरा. सेलोटेप लावू नका. उन्हात त्याचा डिंक मागे राहतो.

चिन्हं

जुन्या किटातली चिन्हं पिवळी पडलेली असतात. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आपल्याकडच्या उन्हात आठवडा-दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. रोज बघत राहा, कारण लाल रंगही उतरू शकतो. मग कोपऱ्यातलं बिनकामाचं एक चिन्ह पाण्यात टाकून पाहा. तुकडे झाले तर उरलेल्या चिठ्ठीवर पारदर्शक लॅकरचा पातळ हात मारा, दिवसभर वाळवा आणि प्रत्येक चिन्ह वेगळं कापून घ्या, कारण आता सगळ्यांवर मिळून एकच पापुद्रा झालेला असतो.

लावण्याआधी त्या जागेला चकचकीत वार्निश हवं. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो. चिन्हाखाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. चिन्ह कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग पाण्याबाहेर ओल्या कागदावर मिनिटभर, सुटलं की ब्रशने जागेवर सरकवा. पाणी बोअरचं वापरू नका. त्यातले क्षार वाळून पांढरी कड सोडतात आणि ती वार्निशखाली कायमची राहते. त्यासाठीच ती डिस्टिल्ड वॉटरची बाटली. नसेल तर जारचं पाणी. उठावदार रेघांवर चिन्ह बसत नसेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब लावा आणि ते मऊ पडेपर्यंत हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने पुसून सगळ्यावर मॅट वार्निश.

मळकटपणा हवा असेल तर चित्रकलेच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून रेघांत सोडा आणि अर्ध्या तासाने पुसा. अंगणातली माती लावायचा मोह टाळा. या मापात तिचा कण खड्याएवढा दिसतो. कोरड्या पेस्टल खडूची भुकटी तेच काम नीट करते.

झाकणासारखा फोटो

जुन्या जाहिरातीची मजा घ्यायची तर मॉडेलचा फोटो झाकणासारखा काढा. विमान जाड तारेवर किंवा किटातल्या स्टँडवर बसवा, मागे साठ सेंटिमीटरवर आकाशी कागद लावा. फोन विमानाच्या नाकाच्या उंचीला किंवा किंचित खाली, अंतर चाळीस सेंटिमीटर, झूम दोनपट. जवळून काढलं तर नाक फुगतं आणि खेळणं दिसतं. उजेड एकाच बाजूने, सकाळच्या खिडकीतून, मध्ये पांढरं धोतर किंवा ओढणी. पंखा मोकळा ठेवला असेल तर त्यावर स्ट्रॉने फुंका आणि शटर १/६० च्या आसपास ठेवा, पात्यांचं चक्र उमटतं. स्टँडची दांडी फोनमध्येच पुसता येते.

ठेवण

शोकेस दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको, ती भिंत उन्हाळ्यात रात्रीही तापलेली असते. धूळ मऊ मेकअपच्या ब्रशने झाडा, कापडाने नाही. अँटेना पहिली जाते. खोकी जपायची असतील तर जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी पुठ्ठा आतून पोखरते आणि बाहेरून काही दिसत नाही. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे. किटाच्या खोक्यात त्या टाकू नका. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. सुकवलेला कडुलिंबाचा पाला कागदी पाकिटात घालून ठेवा, दर सहा महिन्यांनी बदला. आणि खोकी एकावर एक पाचापेक्षा जास्त रचू नका. खालच्या झाकणाचे कोपरे फाटतात, आणि जुन्या किटाची किंमत पुढे कधी करायची झालीच तर आधी बघतात ते झाकणच.